डिझेलच्या आधी, डिझेलच्या नंतर

मोदी स्ट्रीट, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
दमयंती नाखवा वर आल्या,
आधी पिशवी टेबलावर ठेवली,
मग श्वास घेतला.
पिशवीत बोट विकल्याचे कागद
आणि जावयाने दिलेल्या दोन गुळगुळीत पुस्तिका:
खंभातच्या बाजूला तीन तेलविहिरी, छोटी कंपनी,
कव्हरवर हेल्मेट घातलेला हसरा माणूस.

"एकीत चार टक्के हिस्सा, दुसरीत एक टक्का रॉयल्टी.
एकापेक्षा चार मोठे, तेवढं मना समजतं.
मना येवढंच सांग,
डिझलच्या आदी, का डिझलच्या नंतर?"

बावीस वर्षं मी हाच फरक
फळ्यावर चौकोन काढून समजावत आलो.

रॉयल्टी आधी, मी म्हटलं.
शंभराचं तेल विकलं की एक रुपया तुमचा,
पंप जळो, मजुरी थको, कुणी विचारणार नाही.
हिस्सा नंतर. साठ खर्चात गेले,
उरलेल्या चाळिसातले चार टक्के:
एक रुपया साठ.

"आनि भाव पडला तं?"
सत्तर आले तर रॉयल्टी सत्तर पैसे, हिस्सा चाळीस.
पन्नासच आले तर रॉयल्टी पन्नास पैसे,
आणि हिस्सेदाराला पत्र:
तोट्यातले तुमचे चाळीस पैसे पाठवा.

"चढला तं?"
दीडशेला रॉयल्टी दीड रुपया.
हिस्सा तीन रुपये साठ.

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.
समोरच्या गच्चीवर कोणी पापड वाळत घातले होते.
"आमच्यात लिलाव पुकारनारा असतो," म्हणाल्या.
"टोपली रिकामी तं तो बी उपाशी.
पन जालं फाटलं तं
शिवायला बसत नाय."

मी घाईने म्हटलं, पण एक आहे,
रॉयल्टीवाल्याला विचारत नाहीत काही.
परवडेना म्हणून विहीर बंद केली
तर उघडा म्हणायचा हक्क नाही तुम्हाला.
हिस्सेदाराला मत असतं.
"चार टक्क्यांचं मत," त्या म्हणाल्या,
आणि मी गप्प.

"विहीर आटली तं बुजवायची कोनी?"

पुस्तिका चाळली. हसरा माणूस होता,
सूर्यास्त होता, वर जाणारा आलेख होता.
बुजवणं नव्हतं.
हिस्सेदारांनी, मी म्हटलं, आणि चष्मा पुसला.
तळापर्यंत सिमेंट भरावं लागतं, टप्प्याटप्प्याने,
वरून झाकण, जमीन पूर्वीसारखी.
सगळं हिस्सेदारांच्या खर्चाने.

"चालीस वर्सं जाली शिवलीत मी.
आता डिझल माजं नको."
निम्मे पैसे रॉयल्टीत, निम्मे बँकेत.
सही मोठी, ओळीच्या खाली उतरणारी.
जाताना पुस्तिका माझ्याकडे सरकवल्या:
"हसरा मानूस तुला ठेव."

त्यांची पावलं जिन्यात विरल्यावर
मी खालचा ड्रॉवर उघडला.
तिथे माझं पत्र होतं.
याच कंपनीची जुनी विहीर, क्रमांक दोन,
दीड टक्का हिस्सा,
ज्याचं मी घरी कुणाला बोललो नाही.
आकडे मला तेव्हाही येत होते.
पण कागदावर, नावापुढे
'भागीदार' छापलं होतं,
आणि दुसऱ्यांचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला
तेवढं पुरतं.

रात्री चेंबूरच्या गच्चीवरून
माहुलची ज्योत दिसत होती,
कुणाचं तरी तेल, कुणाचा तरी भाव.
मी विहीर क्रमांक दोन कधी पाहिली नाही.
आता तिच्या तळाशी
माझं दीड टक्का सिमेंट जाणार.

चेक लिहिला. एकतीसच्या आत पोचायला हवा.
रक्कम अक्षरी:
सत्तेचाळीस हजार दोनशे,
आणि पुढे, सवयीने,
मोकळी जागा राहू नये म्हणून,
फक्त.